चार्ज आमचाही घ्या

प्रति,
नव्या संगणक प्रणालीचे प्रकल्प अधिकारी,
तसंच भांडार आणि लेखा शाखेतले सर्व अधिकारी,

स.न.वि.वि.

तुमच्या दलाचं नाव या पत्रात लिहीत नाही. एक तर ही तक्रार नाही, आणि दुसरं म्हणजे पुढच्या महिन्यात तुमच्याकडे निविदा भरायची आहे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

हर्णैच्या बंदराजवळ माझं दुकान आहे. दोर, रंग, शॅकल, पुली, ग्रीस, ताडपत्री असला माल. निम्मं गिऱ्हाईक मच्छीमार बोटवाले आणि निम्मं मुरुडपासून वेंगुर्ल्यापर्यंतची सरकारी कार्यालयं, त्यात तुम्ही. वडिलांच्या काळापासून तुम्हाला माल देतोय. गेल्या महिन्यात तुमचा ईमेल आला. दोन परिच्छेद होते. 1 एप्रिलपासून पुरवठा आदेश, माल-पावत्या, बिलं सगळं नव्या प्रणालीवर, जुनी प्रणाली 31 मार्चला बंद, पंधरा दिवसांत नोंदणी करा, सोबत माहितीपुस्तिका. पुस्तिका 84 पानांची, इंग्रजीत. भाचीनं छापून आणली, झेरॉक्सवाल्यानं 168 रुपये घेतले. पहिली तीस पानं ही प्रणाली आमच्या किती फायद्याची आहे हे सांगण्यात गेली आहेत. आज माझी जी बिलं तुमच्याकडे पडून आहेत ती 1 एप्रिलला कुठे दिसणार, हे मात्र 84 पानांत कुठेच नाही.

मी काही संगणकाच्या विरोधातला माणूस नाही. आधीच सांगतो, नाहीतर 'म्हाताऱ्याला नवं काही नको असतं' म्हणून पत्र बाजूला पडायचं. मी दुकानात बसायला लागलो तेव्हा बिल पाच प्रतींत लिहायचं, मध्ये कार्बन घालून. पाचवी प्रत वाचायला उन्हात धरावी लागे, आणि नेमकी तीच प्रत लेखा शाखेत जायची. ऑगस्ट 2016 मध्ये सरकारी खरेदीचं जेम पोर्टल सुरू झालं तेव्हाही आमच्या बाजारात लोकांनी डोक्याला हात लावला होता. आज मी त्यावर माल विकतो आणि एरवी ज्या कार्यालयांच्या दारात कुणी उभं केलं नसतं तिथून मला ऑर्डरी येतात. तेव्हा प्रणाली आणा, जरूर आणा. ऑर्डर, गोदाम आणि पैसे हे तिन्ही एकाच ठिकाणी दिसणार असतील तर आमच्यासारख्याला हवंच आहे. 'फाइल वर गेलीय' हे वाक्य ऐकून माझी मान दुखायला लागली आहे.

माझं म्हणणं फक्त त्या एका रात्रीबद्दल आहे, जुनं बंद होऊन नवं चालू होतं त्या रात्रीबद्दल. ती कशी असते ते मी एकदा पाहिलंय.

दोराची गोष्ट सांगतो. ही तुमच्याकडची नाही, किनाऱ्यावरच्याच दुसऱ्या एका कार्यालयातली. काही वर्षांपूर्वी त्यांनीही अशीच जुनी प्रणाली बंद करून नवी आणली. त्याच्या दहाच दिवस आधी मला 24 मिलिमीटर जाडीच्या पॉलिप्रॉपिलीन दोराच्या सहा कॉइलची ऑर्डर मिळाली होती. आता दोराचं असं आहे की तो जो-तो आपल्या मापानं मोजतो. खलाशी वावांत मोजतो, दोन्ही हात पसरून. कारखाना कॉइल पाठवतो, एक कॉइल 220 मीटरची, म्हणजे जवळपास 120 वाव. आम्ही दुकानदार किलोवर विकतो, या जाडीची कॉइल साधारण 57 किलो भरते. जुन्या ऑर्डरवर लिहिलं होतं: दोर 24 मिमी, संख्या 6, माप कॉइल, दर किलोला 210 रुपये. माणसानं वाचलं की त्याला कळतं. नव्या प्रणालीत मापांची यादी ठरलेली होती आणि त्या यादीत कॉइल नव्हती. माहिती भरायला बसवलेल्या पोरानं विचार केला असणार, दोर म्हणजे मीटरच. त्यानं मीटर निवडलं. माझी ऑर्डर सहा मीटर दोराची झाली.

मी टेम्पो घेऊन गेटवर हजर. भांडारातला माणूस हरयाणाचा, अगदी भला. त्यानं स्क्रीनकडे बघितलं, टेम्पोकडे बघितलं आणि म्हणाला, "साब, सिस्टम तो छह मीटर माँग रहा है. आप तो जहाज बाँधने आ गए." दोघंही हसलो. हसू फार टिकलं नाही. त्यानं कागदी चलनावर माल उतरवून घेतला, सही-शिक्का दिला. पण प्रणालीत पावती निघेना. सहा मीटरच्या ऑर्डरवर 1,320 मीटर कसे घेणार? नवी प्रणाली पैसे सोडण्याआधी ऑर्डर, मालाची पावती आणि बिल ही तिन्ही एकमेकांशी ताडून बघते. तिन्ही जुळली तरच बिल पुढे. पद्धत म्हणून हे उत्तमच, असंच हवं. पण माझी ऑर्डर मीटरची, पावती कॉइलची आणि बिल किलोचं. प्रणालीच्या हिशेबानं मला द्यायचे होते 1,260 रुपये. माझं बिल होतं 72,072 रुपयांचं, जीएसटी वेगळा.

ही जानेवारीची गोष्ट. मार्च संपला, त्या वर्षाची तरतूद परत गेली, पुन्हा मंजुरी घ्यायची वेळ आली. मे महिन्यात एका अधिकाऱ्यानं लेखी मागितलं, की एका कॉइलमध्ये नक्की किती मीटर असतात ते प्रत्यक्ष मोजून दाखवा. आवार काही 220 मीटर लांब नव्हतं. मग आम्ही खडूनं वीस-वीस मीटरच्या अकरा ओळी आखल्या आणि दोर त्यांवर नागमोडी अंथरत गेलो. नव्या दोराला पीळ असतो, तो सरळ पडून राहत नाही, एक टोक दाबलं की मधून उसळतो. दुपारी बाराचं ऊन, खालचं काँक्रीट तापलेलं, एका टोकाला मी गुडघ्यावर आणि दुसऱ्या टोकाला तो हरयाणाचा गडी. तासाभरानं आकडा आला, साडेदोनशेला साडेअठ्ठावीस कमी, म्हणजे 221.5. "ये डेढ़ मीटर का पैसा नहीं मिलेगा," तो म्हणाला. मग दुरुस्तीपत्र निघालं, आणि ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, पैसे खात्यात आले. मधले सात महिने पतसंस्थेचं व्याज मी भरलं. ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

यात चूक कुणाची म्हणायची? त्या पोराला दोर कसा विकतात हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याला, म्हणजे मला, कुणी विचारलं नाही. बंद होण्याच्या आठवडाभर आधी एक कागद दाखवला असता, 'तुझी ऑर्डर आम्ही नव्या प्रणालीत अशी चढवतोय, बघ', तर एका मिनिटात सांगितलं असतं.

तुम्हाला हे किरकोळ वाटेल. 72 हजार म्हणजे तुमच्या एका बोटीचं एका दिवसाचं डिझेलही नसेल. पण मोठ्या ठिकाणीही मोडतं ते इथेच. अमेरिकेच्या हवाई दलानं आपल्या दोनशेहून जास्त जुन्या पुरवठा-प्रणाल्यांची जत्रा मोडून एकच नवी प्रणाली आणायचं ठरवलं होतं. नोव्हेंबर 2012 मध्ये ते काम गुंडाळलं, तोवर एक अब्ज डॉलरहून अधिक पैसे गेले होते आणि उपयोगाचं जवळपास काही हाती आलं नव्हतं. 2014 मध्ये त्यांच्या सिनेटच्या समितीनं चौकशीचा अहवाल दिला. त्यात दुखणं काय सापडलं, तर आपलं काम आज नक्की कसं चालतं हेच नीट समजून घेतलं नव्हतं, आणि कामाची पद्धत बदलायला माणसं तयार केली नव्हती. पैशाची किंवा यंत्रांची कमतरता तिथे कुणाला असणार?

आता मागणं काय आहे ते सांगतो. तुमच्याच घरातली रीत आहे, नवी काही नाही. तुमच्याकडे भांडाराचा अधिकारी बदलला की जुना नव्याला चार्ज देतो. रंगाचे डबे, दोरीची भेंडोळी, तुटका पंखासुद्धा मोजला जातो, याद्या होतात, दोघांच्या सह्या होतात, आणि सही झाल्याशिवाय जुना सुटत नाही. एकदा तुमच्या एका अधिकाऱ्याची बदली दोन कुलपांच्या किल्ल्या सापडेनात म्हणून चार दिवस अडकलेली मी पाहिली आहे. मग जुनी प्रणाली नव्या प्रणालीला चार्ज देते तेव्हा आमच्या बाबतीत हे का होऊ नये? प्रत्येक पुरवठादारासाठी एक पान काढा. त्यावर त्याच्या चालू ऑर्डरी, किती माल आला, किती बाकी, कोणतं बिल कोणत्या टेबलावर, बयाणा किती अडकलाय, बँक गॅरंटी कधी संपते, आणि प्रत्येक ओळीसमोर नव्या प्रणालीत ती कोणत्या क्रमांकानं, कोणत्या मापात, कोणत्या दरानं चढणार. खाली तुमची सही, आमची सही. एक प्रत तुम्हाला, एक आम्हाला. पुढे काही अडलं तर भांडण त्या पानावर होईल, आठवणीवर होणार नाही.

आम्ही किनाऱ्यावरचे सगळे मिळून असे किती असणार? चार दिवसांत होणारं काम आहे. त्या 84 पानांच्या पुस्तिकेला याहून जास्त दिवस लागले असतील.

त्या पानात एक ओळ नावाची ठेवा, ही मात्र विसरू नका. माझं आडनाव मराठीत सरळ आहे, इंग्रजीत त्याची दोन रूपं झाली आहेत. पॅनवर 'व्ही'नं, बँकेत 'डब्ल्यू'नं. दुकानाचं नाव जीएसटीत वेगळं, आणि तुमच्या जुन्या नोंदणीत अजून वडिलांच्या नावाचं आद्याक्षर. आजवर तुमच्या लेखा शाखेतले जुने लोक मला ओळखत होते, म्हणून चाललं. नवी प्रणाली ओळख ठेवणारी नाही, एक अक्षर चुकलं की पैसे परत. कोकणात निम्म्या आडनावांची ही गत आहे, ज्या काळात जो मास्तर होता त्यानं दाखल्यावर लिहिलं ते स्पेलिंग.

तारखेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. 1 एप्रिल का निवडलं ते कळतं, नवं आर्थिक वर्ष, पाटी कोरी. पण मार्चअखेर म्हणजे काय असतं ते तुमच्या लेखा शाखेलाच विचारा. वर्षभराची निम्मी बिलं त्या दोन आठवड्यांत येतात. त्याच गर्दीत जुनी प्रणाली बंद करणं म्हणजे भरलेली बोट बंदरात शिरत असताना सुकाणू बदलणं. त्यात फाल्गुनात आमचा शिमगा. पालखी घरोघर फिरते, चाकरमानी गावी येतात, मजूर तर सोडाच, मीच दुकानात सापडणार नाही. आणि एप्रिल-मे हे किनाऱ्यावरच्या कामाचे शेवटचे दोन महिने. पत्रे, रंगकाम, बोटी बांधायच्या मूरिंगच्या साखळ्या, जे काही करायचं ते जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, मग मृग लागला की हात बांधलेले. म्हणजे वर्षातले तुम्हाला आमची सर्वात जास्त गरज असते ते आठ आठवडे, आणि नेमके त्याच आठवड्यांत नव्या प्रणालीवर कुणाचाच हात बसलेला नसणार.

हर्शी नावाची अमेरिकन चॉकलेट कंपनी आहे. 1999 साली त्यांनी नवी प्रणाली एप्रिलमध्ये चालू करायची ठरवली होती, ती रखडून जुलैवर गेली. पुढे ऑक्टोबरात त्यांचा हॅलोविनचा सण, चॉकलेटांचा मोठा खप. गोदामात माल होता, दुकानांची मागणी होती, पण प्रणालीतून ऑर्डर पुढे सरकेना. सुमारे दहा कोटी डॉलरच्या ऑर्डरी अडकल्या. सण तोंडावर असताना चूल बदलू नये हे आमच्या आजीलाही माहीत होतं.

मला विचाराल तर तुळशीचं लग्न झालं की चालू करा. गणपती, दसरा, दिवाळी मागे गेलेली असते, समुद्र शांत असतो, वीज टिकते, आणि मुख्य म्हणजे मार्चला चार महिने शिल्लक असतात. चुका होणारच आहेत. त्या निस्तरायला त्याच आर्थिक वर्षात वेळ मिळाला तर तरतूद परत जाण्याचा प्रश्न येत नाही. 1 एप्रिलचा हट्टच असेल तर निदान मार्चची बिलं जुन्या पद्धतीनं मे अखेरपर्यंत घ्या.

विजेचं निघालं म्हणून सांगतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या दापोली तालुक्यात खांब काड्यांसारखे पडले होते. माझ्या दुकानाचे पत्रे शेजारच्या वाडीत सापडले, आणि वीज यायला आठवडे लागले. मोबाइल चार्ज करायला लोक ट्रॅक्टरच्या बॅटरीपाशी रांग लावायचे. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. तुमच्या पुस्तिकेत लिहिलंय, माल दिल्यापासून 72 तासांत बिल चढवलं नाही तर ते आपोआप नाकारलं जाईल. हे लिहिणाऱ्यानं समुद्र फक्त फोटोत पाहिला असावा. आणि गंमत बघा, वादळानंतर तुम्हाला पहिली गरज लागते ती दोर, ताडपत्री आणि पत्र्यांचीच. त्या वेळी तुमचा माणूस अर्ध्या रात्री फोन करतो, आम्ही मेणबत्तीत माल काढून देतो, आणि ऑर्डर मागाहून येते. असा माल नव्या प्रणालीत कुठे बसतो? एक दरवाजा ठेवा त्यासाठी, मागची तारीख आणि कारण लिहून घेणारा.

दंडाचंही तसंच. माझ्या ऑर्डरींवर छापलेलं असतं, उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का कापणार. कबूल आहे. पण तारीख कोणती धरणार? माल गेटवर आला ती, का पावती प्रणालीत चढली ती? आजवर माणूस गेटच्या रजिस्टरमधली तारीख बघून ठरवायचा. प्रणाली स्वतःची तारीख धरेल. बंद-चालू एका रात्रीत म्हटलं तरी नोंदी इकडून तिकडे नेताना मधले दोन-तीन आठवडे सगळं गोठवलेलं असेल, आम्ही वेळेत दिलेला माल त्या काळात चढणारच नाही, आणि दंड मात्र आपोआप कापला जाईल. हे मुद्दाम कुणी करत नाही, पण कापलेले पैसे परत मिळवायला जे अर्ज लागतात ते मी केलेत, आणि कापण्याइतका वेग त्यांना नसतो.

माझ्या शेजारी एक फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, रेलिंग आणि शिड्या करतात. त्यांना 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याचा आधार आहे. माल घेतल्यावर पंधरा दिवसांत लेखी हरकत नसेल तर तो स्वीकारला असं धरतात, 45 दिवसांच्या आत पैसे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. त्या कायद्याला सर्व्हर बंद होता हे कारण माहीत नाही. म्हणजे तुमच्या गोठवलेल्या तीन आठवड्यांतही त्यांचे दिवस मोजले जाणार, याचा विचार लेखा शाखेनं करून ठेवलेला बरा. आम्हा दुकानदारांना 2021 पासून छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या कर्जापुरती. 45 दिवसांचा नियम आम्हाला नाही. आमच्याकडे फक्त तुमची चांगली इच्छा आहे.

प्रशिक्षण मुंबईत ठेवलंय, एक दिवस, 'प्रोप्रायटरनी स्वतः उपस्थित राहावे'. मी येईन, खेडहून रात्रीची गाडी पकडून येईन आणि मागच्या रांगेत बसून डुलक्या काढीन. कारण बिल मी करत नाही, माझी भाची करते. वर्कशॉपवाल्यांचं बिल त्यांची बायको करते. बाकीचे दहापैकी सहा जण दापोलीच्या बाजारातल्या सायबर कॅफेवाल्या पोराकडे जातात. त्याच्या वहीत या सहा जणांचे पासवर्ड एकाखाली एक लिहिलेले आहेत, आणि डिजिटल सहीचे टोकनही त्याच्याच खणात, रबरबँड लावून. तुमच्यासारख्या दलाला हे वाचून घाम फुटला पाहिजे. पण त्या पोराला दोष देऊ नका, उलट त्यालाच प्रशिक्षणाला बोलवा. त्याला शिकवलंत तर सहा पुरवठादार एका दिवसात तयार. आणि एका फर्मला दोन लॉगिन द्या, म्हणजे मालकाचं टोकन दुसऱ्याच्या खणात जायला नको.

ओटीपी हा आणखी एक प्रकार. तो माझ्या मोबाइलवर येतो. मी संध्याकाळी लिलावाच्या वेळी किनाऱ्यावर असतो, कारण बोटवाले पैसे तेव्हाच देतात. तिकडे दुकानातून भाचीची हाक येते, "मामा, ओटीपी!" माझे हात माशाच्या पाण्यानं ओले, चष्मा कपाळावर, आजूबाजूला पापलेटाची बोली चढलेली. मी आकडे ओरडून सांगतो, ते अर्धा बाजार ऐकतो. तिनं भरेपर्यंत वेळ संपलेली असते. दुसरा नंबर नोंदवू द्या, एवढंच.

शिकवताना चित्रफितीत नमुना म्हणून 'एबीसी एंटरप्रायझेस' आणि 'आयटम वन' दाखवू नका. खरी ऑर्डर घ्या. माझी दोराची घ्या, लागेल तर. चालू करण्याच्या महिनाभर आधी आमच्यातल्या पाच-सहा जणांना खोट्या पैशांच्या पण खऱ्या मालाच्या ऑर्डरी द्या, आम्हाला त्यावर चलन, पावती, बिल सगळं करू द्या, आणि कुठे अडतं ते तुमच्या माणसानं शेजारी बसून बघावं. तुमच्या आतल्या लोकांनी प्रणाली तपासली असेल, पण ते गेटच्या आत उभे राहून तपासतात. आम्ही बाहेरून येतो.

जाता जाता एक सावधगिरीची गोष्ट. तुमचा ईमेल आल्यापासून चार दिवसांत आमच्यातल्या दोघांना फोन आले, 'नव्या पोर्टलवर नोंदणी करून देतो, बँक खात्याची माहिती आणि ओटीपी सांगा'. एकानं जवळपास सांगितलाच होता. बदलाच्या काळात असले लोक वासावर येतात. तुमची माहिती कुठल्या पत्त्यावरून येईल, फोनवर तुम्ही काय कधीच विचारणार नाही, आणि खातं बदलायचं असेल तर पुरवठादारानं स्वतः येऊन सही केल्याशिवाय बदलणार नाही, हे तीन ओळींत, मराठीत, गेटवर लावा. आम्ही सगळे गेटवर उभे राहतोच, पास मिळेपर्यंत वाचायला वेळच वेळ असतो.

माझं पान मी करून आणलंय, या पत्रासोबत जोडलंय. आज तारखेला माझ्या तुमच्याकडे अकरा ओळी आहेत: चार चालू ऑर्डरी, पाच बिलं, एक बयाणा, एक बँक गॅरंटी. भाचीनं टाइप केल्यात, स्पेलिंगं पॅनप्रमाणे. मंगळवारी दुपारी मी भांडारात येतोय, तेव्हा जमलं तर बसून ताडून बघू. सातव्या ओळीत 16 मिलिमीटर दोराच्या चार कॉइल आहेत. त्यांच्यासमोर मापाचा रकाना मी कोरा सोडलाय. तो तुम्ही भरा, मी सही करतो.

कळावे,
आपला,
एक जुना पुरवठादार, हर्णै

सोबत : वरीलप्रमाणे एक पान